चहाचं प्रायश्चित्त

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत धर्माचा विषय निघाला, की दोन तट पडतात. नाना म्हणतात, 'पाप ते पापच!' अप्पा म्हणतात, 'ज्याचं त्याच्यापाशी.' दोघांनाही मी रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) वाचायला दिलं. १८९० साली पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमधल्या चहापायी न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं. पाप वाटलं म्हणून नव्हे हो, मित्रांची अडचण सुटावी म्हणून! रमाबाईंना ते रुचलं नाही, आणि तसं त्यांनी लिहिलंही. पुस्तकाचं खरं मोल मला तिथं वाटतं. पुढे पतिभक्ती त्यांचं तोंड जरा लवकर मिटते, एवढंच उणं.

नानांना त्यात नानांचा मुद्दा सापडला, अप्पांना अप्पांचा. चहा मात्र दोघांनीही माझ्याकडेच घेतला, दोनदा.