कानस आणि कान

संगीताला कान लागतो, असं जो तो सांगतो. वाद्याला त्याच्याही आधी कानस लागते, हे मात्र कुणी सांगत नाही. गिटार वाजवणाऱ्याचा फोटो छापून येतो. गिटार करणाऱ्याचं नाव पोटातल्या चिठ्ठीवर असतं, तेही भोकातून डोकावणाऱ्याला दिसतं. आणि तिची मान जिनं घडवली त्या कानशीचं नाव कुठंच नसतं. नाटकांवर, कादंबऱ्यांवर, झालंच तर लोणच्याच्या मसाल्यांवरही परीक्षणं येतात. कानशीवर कुणी लिहीत नाही. खरं तर समीक्षक आणि कानस एकाच जातीचे. दोघांनाही दात असतात, आणि दोघंही काढून टाकतात तेवढं. भर काही घालत नाहीत.

लोखंडाच्या कानशीवर रेघा असतात. लाकडाच्या कानशीवर किसणीसारखे सुटे दात. फ्रान्समध्ये आल्बी शहराजवळ सँ-ज्वेरी म्हणून गाव आहे. तिथली ऑरिऊ ही पेढी हातानं दात उठवलेल्या कानशींसाठी प्रसिद्ध. एका हातात टोकदार छिन्नी, दुसऱ्यात हातोडी, आणि मऊ पोलादावर एकेक दात! सगळे उठले की पोलादाला पाणी द्यायचं. दातांचे नंबर १ ते १५. एक नंबर ओरबाडतो, पंधरा नंबर गोंजारतो.

आता हातचं काम म्हटल्यावर दोन दातांतलं अंतर सारखं कुठून येणार? पण तिची खरी विद्या तीच. यंत्रानं कवायतीला उभे केलेले दात एकामागून एक त्याच चरातून जातात आणि लाकडाची नांगरट होते. वेडेवाकडे दात असले की एकानं सोडलेला उंचवटा दुसरा काढतो. एका मताच्या चार समीक्षकांचे चारही ओरखडे एकाच जागी पडतात. चार मतांचे चौघे भेटले, तर कादंबरी नाही तरी कादंबरीकार गुळगुळीत होतो. निकोल्सन या अमेरिकन कंपनीनं हे ओळखून ४९ आणि ५० नंबरच्या कानशींचे दात यंत्रानंच, पण मुद्दाम अनियमित पाडले. माणसासारखं चुकायला यंत्रालाही शिकवावं लागलं म्हणायचं!

जपानी शिंतो कानशीचा थाट निराळा. करवतीची पाती वाकवून जाळीसारखी रिव्हेटनं जोडलेली. भुसा खाली गळतो, दात तुंबत नाहीत, काम सपाट्यानं होतं आणि खिशालाही फार चाट बसत नाही. पण बाई सपाट. गिटारची मान पोटाला मिळते तिथला आतला बाक आला की तिची विद्या संपली. तिथं अर्धगोल फ्रेंच कानसच हवी.

शास्त्रीय गिटारची मान बहुधा स्पॅनिश सीडरची. नावावर जाऊ नका. हे झाड अमेरिका खंडातलं, आणि मिरजेच्या सतारीला लागणाऱ्या तुणाचं चुलत भावंड. मान वरच्या टोकाशी सुमारे ५२ मिलिमीटर रुंद. जाडीत अर्धा मिलिमीटर जास्त राहिला तर वाजवणाऱ्याचा अंगठा जन्मभर कुरकुरतो. अर्धा जास्त गेला तर तो परत येत नाही. लेखकाचं बरं असतं, खोडलेलं वाक्य पुन्हा लिहिता येतं. म्हणून शेवटी शेवटी कारागीर दर दोन हातांनी थांबतो आणि डोळे मिटून मानेवरून तळवा फिरवतो. डोळ्याला न दिसलेला उंचवटा तळव्याला सापडतो.

यंत्रावर माना भराभर निघतात, आणि चांगल्या निघतात, उगीच नाक मुरडू नये. पण त्या सगळ्यांच्या हातासाठी असतात, म्हणजे तशा कुणाच्याच नाहीत. लहान हाताची एखादी मुलगी गिटार करून घ्यायला आली, तर कानसवाला तिचा पंजा बघतो, अंगठा कुठवर पोचतो ते बघतो, आणि मानेवर कानशीचे चार हात जास्त मारतो. फ्रेंच कानशीची किंमत ऐकून घाम फुटतो, हे कबूल. पण ती किंमत या चार हातांची आहे.