संशोधनाची मोजदाद : एक चिकित्सा

एखाद्या विद्वानानें किती व कोणत्या योग्यतेचें काम केलें हें अंकांनीं सांगतां येईल काय, हा प्रश्न आतां केवळ चर्चेचा राहिलेला नाहीं. विद्यापीठांतील नेमणुका, बढत्या, संशोधनास मिळणारें द्रव्यसाहाय्य आणि संस्थांचें श्रेष्ठकनिष्ठत्व ठरवितांना प्रसिद्ध झालेल्या लेखांची संख्या व त्या लेखांचे इतरांनीं केलेले उल्लेख यांचा आधार घेतला जातो. इतिहाससंशोधकांपैकीं कांहीं जण या प्रकाराची थट्टा करितात, तर कांहीं जण निमूटपणें त्यापुढें मान तुकवितात. आम्हांस हे दोन्ही मार्ग पसंत नाहींत. कागद पारखणें हें ज्यांचें काम, त्यांनीं हे अंकहि कागदासारखेच पारखावे. नवा कागद पुढें आला म्हणजे तो कोणीं लिहिला, कोणासाठीं लिहिला, कोणत्या प्रसंगीं लिहिला आणि लिहिणारास काय ठाऊक असणें शक्य नव्हतें, हें आपण आधीं विचारतों. इनाम कमिशनापुढें दाखल झालेली कैफियत आपण टाकून देत नाहीं. परंतु ती इनाम राखण्यासाठीं लिहिलेली आहे हें विसरतहि नाहीं. तोच न्याय येथें लावून पाहूं.

या मोजदादीचा उगम पाहूं गेल्यास तो निंद्य नाहीं, उलट आपल्याच अभ्यासाच्या जवळचा आहे. १९१७ सालीं कोल व ईल्स या दोघां इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनीं तुलनात्मक शारीरशास्त्रावरील १५४३ ते १८६० पर्यंतच्या वाङ्मयाची गणना केली. त्यांचा हेतु आपल्या शास्त्राचा इतिहास समजून घेणें हाच होता. १९२६ सालीं लोट्का यानें रसायन व पदार्थविज्ञान या विषयांच्या लेखकांची मोजणी करून दाखविलें कीं बहुसंख्य लेखकांच्या नांवावर एकच लेख असतो, व पुष्कळ लेख लिहिणारे फारच थोडे असतात. पुढच्याच वर्षीं ग्रॉस व ग्रॉस यांनीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाच्या १९२६ च्या खंडांतील तळटीपा मोजल्या. महाविद्यालयाच्या ग्रंथालयानें रसायनशास्त्राचीं कोणतीं नियतकालिकें घ्यावीं हें त्यांस ठरवावयाचें होतें. आपल्याकडील रंगनाथन यांनीं १९४८ सालीं इंग्लंडांतील ग्रंथपालांच्या परिषदेंत या प्रकारच्या गणनेस एक स्वतंत्र शास्त्र मानावें अशी सूचना करून तिला नांवहि सुचविलें. त्याच सुमारास सिंगापूर येथील रॅफल्स कॉलेजांत अध्यापक असलेल्या डेरेक प्राइस यानें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या १६६५ पासूनच्या नियतकालिकाचे खंड दहा दहा वर्षांच्या राशी करून भिंतीशीं रचले, तेव्हां त्या राशींची उंची चक्रवाढीनें वाढत गेलेली त्यास दिसली. त्याच्या पुढील सर्व विचाराचा पाया तेथें घातला गेला.

यांपैकीं कोणीहि एखाद्या विद्वानाचा पगार ठरविण्यासाठीं अंक मांडले नव्हते. यूजीन गारफील्ड याचेंहि तसेंच. १९५५ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत त्यानें उल्लेखसूचीची कल्पना मांडली, आणि १९६४ च्या सुमारास ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची प्रसिद्ध होऊं लागली. तिच्या पहिल्या खेपेस ६१३ नियतकालिकांतील सुमारें १४ लक्ष उल्लेख नोंदले होते. ही कल्पना त्यानें वकिलांकडून घेतली. अमेरिकेंत फ्रँक शेपर्ड यानें १८७३ पासून न्यायनिवाड्यांची सूची चालविली होती. एखाद्या जुन्या निवाड्याचा पुढें कोठें कोठें आधार घेतला गेला हें तींत वकिलास पाहतां येई. येथें एक भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पुढील न्यायालयानें जुना निवाडा उचलून धरला कीं फिरविला, हेंहि शेपर्डच्या सूचींत खुणांनीं दाखविलेलें असे. शास्त्रीय उल्लेखांची नुसती बेरीज करतांना ही खूण गळाली. एखाद्या लेखाचें खंडन करणारे दहा लेख निघाले तर त्याच्या खात्यावर दहा उल्लेख जमा होतात. ज्यानें चुकीची मिति दिली त्याचा उल्लेख ती दुरुस्त करणारास करावाच लागतो. म्हणजे बेरजेच्या दृष्टीनें चूक करणाराचा लाभच झाला.

आतां मापाचा विचार करूं. ज्यास ‘इंपॅक्ट फॅक्टर’ म्हणतात तो अंक नियतकालिकाचा असतो, लेखाचा नव्हे. मागील दोन वर्षांत त्या नियतकालिकानें छापलेल्या लेखांचे चालू वर्षीं किती उल्लेख झाले, त्यांस त्या लेखांच्या संख्येनें भागावयाचें, हा त्याचा हिशेब. सूचींत कोणतीं नियतकालिकें घ्यावीं हें निवडण्यासाठीं गारफील्ड व शेर यांनीं तो काढला. मुदत दोन वर्षांची असल्यामुळें ज्या शास्त्रांत ज्ञान लवकर जुनें होतें तेथें तो कांहीं बोलतो. पण सर्व शास्त्रांची गति सारखी नसते. १९६० सालीं बर्टन व केब्लर यांनीं निरनिराळ्या विषयांच्या वाङ्मयाचें ‘अर्धायुष्य’ काढलें; म्हणजे आज ज्या वाङ्मयाचा आधार घेतला जातो त्यांतील निम्मा भाग किती वर्षांच्या आंतला आहे तें पाहिलें. पदार्थविज्ञानाचें अर्धायुष्य ४.६ वर्षें निघालें, रसायनशास्त्राचें ८.१, गणिताचें १०.५ व भूगर्भशास्त्राचें ११.८. इतिहासाचा प्रश्न येण्यापूर्वींच निसर्गशास्त्रांत एवढें अंतर आहे. पुढें पांच वर्षांच्या मुदतीचाहि अंक देण्यांत येऊं लागला हें खरें; परंतु त्यानें भेद कमी झाला, नाहींसा झाला नाहीं. कापड गजानें मोजावें, धान्य पायलीनें, सोनें तोळ्यानें. पायलीनें सोनें मोजणारास बाजारांत कोणी शहाणा म्हणणार नाहीं.

व्यक्तीच्या मोजणीसाठीं हर्श या पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें २००५ सालीं एक निर्देशांक सुचविला. ज्याच्या दहा लेखांचे प्रत्येकीं निदान दहा उल्लेख झाले त्याचा निर्देशांक १०. वीस लेखांचे वीस वीस झाले तर २०. हर्श यानें आपल्या मूळ निबंधांतच पदार्थविज्ञानांतील सर्वांत वरचा अंक ११० दाखविला आहे व जीवशास्त्रांतील १९१. जीवशास्त्रज्ञ पदार्थवैज्ञानिकांच्या पावणेदोनपट बुद्धिमान आहेत असा याचा अर्थ कोणीहि करणार नाहीं. दोन्ही शास्त्रांतील लिहिण्याची व उल्लेख करण्याची रीत निराळी, एवढाच त्याचा अर्थ. खुद्द कर्त्यानें दिलेला हा इशारा त्याच्या अनुयायांस मात्र विसरण्यास फार वेळ लागला नाहीं.

हें माप आपल्या क्षेत्रांत आणलें म्हणजे काय होतें ? ज्यानें एकच ग्रंथ लिहिला त्याचा निर्देशांक, त्या ग्रंथाचा हजारों वेळां उल्लेख झाला तरी, १ च्या वर जाऊं शकत नाहीं. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० सालीं व शेवटचा १९६२ सालीं निघाला. बत्तीस वर्षांचें हें काम. पांच खंड पांच स्वतंत्र कृति म्हणून धरले तरी या महाग्रंथाबद्दल त्यांच्या खात्यावर ५ हून अधिक अंक पडणार नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें. आदिपर्व पुरें होण्यास १९३३ साल उजाडलें, आणि सर्व पर्वें १९६६ सालीं पूर्ण झालीं. डॉ. सुखठणकर १९४३ सालींच निवर्तले. अशा कामास दोन वर्षांच्या मुदतीचें माप लावणें म्हणजे वडाच्या रोपाची उंची आठवड्यानें मोजून तें निकामी ठरविणें होय.

साधनांच्या प्रकाशनाची स्थिति तर याहून बिकट. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. त्यांतील पानिपतपूर्व कालाचीं पत्रें सव्वाशे वर्षांनंतरहि अभ्यासकास उघडावीं लागतात. दोन वर्षांच्या हिशेबानें १८९९ व १९०० एवढ्याच सालांचे उल्लेख धरावे लागतील. नंतरच्या शतकाचा उपयोग जमेस नाहीं. शिवाय अशा साधनांचा उल्लेख करण्याची आपली रीतहि यंत्रास अनुकूल नाहीं. आपण ‘शि. च. सा.’ किंवा ‘पे. द.’ असें संक्षेपानें लिहून लेखांक देतों. संपादकाचें नांव बहुधा तळटीपेंतहि येत नाहीं. मोडी वाचून, मिती जुळवून, अक्षर ओळखून ज्यानें तो कागद उजेडांत आणला त्याचें श्रेय सूचीच्या चाळणींतून खालीं पडतें, आणि त्याच कागदावर पांच पानांचा निबंध लिहिणारा वर राहतो.

त्यांतहि सूची ज्या भाषेंत लिहिणारांस पाहते ती भाषा बहुतांशीं इंग्रजी आहे. मानव्यविद्यांची स्वतंत्र सूची १९७८ सालीं सुरू झाली, पण तींतील नियतकालिकांस इंपॅक्ट फॅक्टर मिळूं लागला तो २०२३ सालीं. तोंपर्यंत या विद्यांचीं नियतकालिकें त्या अंकाच्या दृष्टीनें अस्तित्वांतच नव्हतीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं. एखाद्या परगण्याचें दप्तर हरवलें म्हणून त्या परगण्यांत वस्ती नव्हती असें अनुमान काढणारा संशोधक आपण पाहिला नाहीं; परंतु सूचींत नांव नाहीं म्हणून काम नाहीं, असें अनुमान मात्र समित्या खुशाल काढतात.

ज्या कागदावर इनाम मिळतें तो कागद बनावट होऊं लागतो, हा अनुभव आपणांस नवा नाहीं. बनावट सनदा, खोटे शिक्के आणि मागाहून घातलेल्या मित्या यांनीं अनेक दप्तरें भरलीं आहेत. येथेंहि तेंच झालें. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१० च्या नियमावलींत अध्यापकांच्या प्रकाशनांस गुण देण्याची पद्धति घालून दिली. पुढें मान्य नियतकालिकांची यादीहि केली. ही यादी किती विश्वसनीय आहे हें पुणें विद्यापीठांतील अभ्यासकांनीं तपासलें व २०१८ सालीं ‘करंट सायन्स’मध्यें निष्कर्ष छापला. विद्यापीठांच्या शिफारशीनें यादींत आलेल्यांपैकीं १,००९ नियतकालिकें त्यांनीं पारखलीं, ३४.५ टक्के नियतकालिकें पत्ता, संपादकांचीं नांवें इत्यादि मूलभूत माहिती न दिल्यामुळें किंवा चुकीची दिल्यामुळें बाद झालीं, आणि आणखी ५२.३ टक्क्यांनीं खोटी माहिती दिलेली आढळली. तींत इंपॅक्ट फॅक्टरविषयींचे खोटे दावेहि होते. त्याच वर्षीं मे महिन्यांत आयोगानें ४,३०५ नियतकालिकें यादींतून काढून टाकलीं. २०१९ सालीं नवी यादी आली, आणि २०२५ सालीं तीहि बंद करण्यांत आली. सनदेचें महत्त्व कायम ठेवून बनावट सनदा थांबवितां येत नाहींत, हेंच यावरून दिसतें.

तथापि मोजणीच नको, असा पक्ष आम्ही घेत नाहीं. गणना नसेल तेथें शिफारस, ओळख व गटबाजी यांचें राज्य चालतें, आणि दूरच्या गांवीं निमूटपणें काम करणारास त्यापासून होणारा त्रास अंकांच्या त्रासाहून कमी नसतो. कोणत्या विषयाचें लेखन वाढलें, कोणतें खुंटलें, हें ताडण्यास गणनेसारखें साधन नाहीं. प्राइसनें रचलेल्या राशी त्याचें उदाहरण आहेत. शास्त्रज्ञांतहि जाग आली आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील २०१२ च्या जाहीरनाम्यानें नियतकालिकाच्या अंकावरून लेखाची वा लेखकाची योग्यता ठरवूं नये असें सांगितलें. लायडनच्या नांवानें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या दहा तत्त्वांत विषयपरत्वें माप बदलावें, आणि स्थानिक महत्त्वाच्या व इंग्रजीबाहेरील संशोधनास संरक्षण द्यावें, असें म्हटलें आहे. आमच्या म्हणण्यास हा बाहेरचा पाठिंबा आहे. परंतु त्यावर विसंबून आपलें काम होणार नाहीं.

इतिहाससंशोधन करणाऱ्या संस्थांनीं स्वतःची मोजणी स्वतः ठेवावी, अशी आमची सूचना आहे. वर्षाच्या अहवालांत लेखांच्या संख्येबरोबर पुढील गोष्टी द्याव्या : मूळ कागद किती पाहिले व त्यांतील किती प्रथमच प्रसिद्ध केले, किती कागदांच्या मित्या निश्चित केल्या, पूर्वीं छापलेल्या किती वाचनांत दुरुस्ती केली, आणि वीस वर्षांपूर्वीं प्रसिद्ध केलेल्या साधनांचा गेल्या वर्षीं कोणीं कशासाठीं उपयोग केला. शेवटची नोंद विशेष महत्त्वाची, कारण आपल्या कामाचें फळ दोन वर्षांत येत नाहीं. तळटीपेंत साधनाचा संक्षेप देतांना संपादकाचें नांवहि पूर्ण द्यावें. त्यास खर्च लागत नाहीं, आणि श्रेयाचा निम्मा अन्याय तेवढ्यानें दूर होईल.

कारण प्रश्न मानापमानाचा नाहीं. मोडी वाचणारे थोडे उरले आहेत आणि कसर कोणाच्या नियमावलीची वाट पाहत नाहीं. एखाद्या तरुणास कागद वाचण्यांत वर्ष घालविलें तर शून्य गुण, आणि वाचलेल्याच कागदांवर चार निबंध लिहिले तर पूर्ण गुण, असें माप आपण मुकाट्यानें चालूं दिलें, तर तो कागदाकडे वळणार नाहीं; त्याचा दोष त्यास देतां येणार नाहीं. कागद एकदां गेला म्हणजे पुढें कोणतीहि सूची त्याचा उल्लेख करूं शकणार नाहीं. हें ध्यानांत घेऊन संग्राहकांनीं व संस्थांच्या चालकांनीं या विषयाचा विचार करावा, अशी आमची विनंति आहे.