चिठ्ठी आणि हक्क : ‘जामखेड’ ग्रंथाच्या निमित्ताने

रविवारच्या मिस्साबलिदानानंतर आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीसमोर जी माणसे थांबतात, त्यांतील काहींना बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, काहींना शाळाप्रवेशासाठी शब्द टाकून हवा असतो आणि उरलेल्या बहुतेकांना दवाखान्यासाठी चिठ्ठी हवी असते. ‘फादर, तुमच्या दोन ओळी असल्या म्हणजे बिल कमी होईल,’ हे वाक्य मी गेली पंचवीस वर्षे ऐकत आलो आहे. धर्मगुरूच्या शिक्क्याला अद्याप थोडीफार किंमत आहे, याचे प्रारंभी समाधान वाटत असे. अलीकडे मात्र तो शिक्का हातात घेताना मन साशंक होते.

त्याला कारण घडले. काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात, एकाच गल्लीतील दोन माणसे डेंग्यूने आजारी पडली. एक आमच्या धर्मग्रामातील रिक्षाचालक. दुसरा त्याच्या शेजारी भाड्याने राहणारा बांधकाम मजूर. जालन्याकडून पोट भरायला आलेला, या शहरात कुणाच्याच ओळखीचा नसलेला. रिक्षाचालकाच्या पत्नीने माझी चिठ्ठी नेली, अनामत रक्कम माफ झाली आणि तो आठवड्याने घरी परतला. मजुराच्या घरच्यांकडे अनामत मागितली गेली. ती गोळा करण्यात दोन दिवस गेले, आणि अखेर त्याला सरकारी रुग्णालयात नेईपर्यंत उशीर झाला होता. चिठ्ठी असती तर तो वाचलाच असता, असे मी म्हणणार नाही; तो निर्णय वैद्यकशास्त्राचा आहे. पण त्या दोघांमध्ये फरक पडला तो आजाराचा नव्हे, ओळखीचा, एवढे मला नाकारता येत नाही. रिक्षाचालकाने नंतर पेढे आणून दिले. ते माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

औषधोपचार हा मनुष्याचा मूलभूत हक्क मानावा, की सज्जनांच्या दयेचा विषय समजावा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यापुढे पुस्तकी राहिलेला नाही. त्याच काळात ‘जामखेड’ हा डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे या दांपत्याचा 1994 साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ पुन्हा वाचनात आला. पूर्वी तो एका सेवाकार्याचा गौरवग्रंथ म्हणून वाचला होता. या वेळी माझा प्रश्न घेऊन वाचला. त्या वाचनातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले हे पतिपत्नी प्रथम वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करीत होते. तेथे त्यांना एक गोष्ट खुपू लागली. ज्या मुलाला बरे करून घरी पाठवावे, तेच मूल काही महिन्यांनी त्याच आजाराने परत येत असे. रुग्णालय भरलेले असे आणि खेडी आजारी ती आजारीच. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन 1970 साली त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातील (आताच्या अहिल्यानगरमधील) जामखेड या अवर्षणग्रस्त तालुक्यात काम मांडले. आरंभ झाला तो जनावरांच्या जुन्या दवाखान्यात. आमच्या मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेला हा मुलूख. तेथील दुष्काळ आणि येथील दुष्काळ यांत अंतर काय ते जिल्ह्याच्या पाटीचे. आरोळे दांपत्य आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हे. परंतु त्यांच्या कामापुढे पंथभेदाचा विचार मनात येत नाही.

ग्रंथाचा सर्वांत समृद्ध भाग आहे तो गावच्या आरोग्यसेविकांचा. खेड्यात शिकलेल्या परिचारिका ठेवण्याचा प्रयत्न आधी करून पाहिला, तो रुजला नाही. मग गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवायचे ठरले. त्यांतील अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र शिकत आणि पुन्हा गावी जात. जुलाब झालेल्या मुलाला पाणी तोडायचे नसते, उलट मीठसाखरेचे पाणी पाजायचे असते. गरोदर बाईला उपाशी ठेवायचे नसते. बाळंतपणात हात आणि पाते स्वच्छ हवे. कुष्ठरोग हा शाप नव्हे. ज्ञान एवढेच, पण ते डॉक्टरच्या कपाटातून बाहेर पडून विहिरीच्या काठावर आले. प्रकल्पाच्या गावांत 1971 साली दर हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत असत. 1990 च्या दशकात तो आकडा तिसाच्या आत आला.

पाण्याच्या प्रकरणात तर लेखकांची दृष्टी विशेष स्पष्ट होते. दुष्काळात कूपनलिका खणण्याची वेळ आली, तेव्हा त्या दलित वस्तीत खणल्या जाव्यात असा त्यांनी आग्रह धरला. पाणी हवे असेल, तर उरलेल्या गावाने त्या वस्तीत यावे. जातीविरुद्ध दहा प्रवचने देऊनही जे साधत नाही, ते एका पंपाने साधले. प्रवचने देणे हाच माझा व्यवसाय असल्याने हा भाग मी किंचित खजील होऊन वाचला.

या आरोग्यसेविकांपैकी मुक्ताबाई 1988 साली वॉशिंग्टन येथील आरोग्य परिषदेत बोलल्या. सभागृहातील झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून, ती सुंदर असली तरी फार महाग आहेत, आपल्या हातातील दिवा लहान असला तरी तो दुसरा दिवा पेटवू शकतो, अशा आशयाचे त्या बोलल्या आणि सारे सभागृह उभे राहिले. चिठ्ठी आणि दिवा यांतील भेद मला येथे समजला. चिठ्ठी एकाचे काम करते आणि संपते. शिवाय ती देणाऱ्याला मोठे करते आणि घेणाऱ्याला लहान. जामखेडची सेविका कुणावर उपकार करीत नाही. ती शेजारणीला शेजारणीचेच ज्ञान परत देते.

येथवर ग्रंथाची स्तुती झाली. परंतु समीक्षकाने येथेच थांबणे हा लेखकांच्या बुद्धीचा अनादर ठरेल. माझे आक्षेप दोन आहेत.

पहिला असा, की गावाने काय केले याचे वर्णन या ग्रंथात जितके भरघोस आहे, तितका शासनाने काय करावयास हवे होते याचा विचार ठसठशीत नाही. गाव जागे झाले की आरोग्य येते, हे खरे. पण जागे झालेल्या गावातील बाईला अडलेल्या बाळंतपणात शस्त्रक्रिया लागली, तर केवळ जागृती पुरत नाही. भूलतज्ज्ञ लागतो, रक्त लागते, रुग्णवाहिका लागते. जामखेडला त्यासाठी आरोळे दांपत्याचे रुग्णालय होते. ज्या तालुक्यात आरोळे नाहीत, तेथे काय? मेबल आरोळे 1999 साली आणि रजनीकांत आरोळे 2011 साली निवर्तले. असाधारण माणसांवर उभी राहिलेली व्यवस्था कितीही चांगली असली, तरी सामान्य माणसाला तिच्यावर हक्क सांगता येत नाही. ती त्याच्या तालुक्यात असली तर तो भाग्यवान, एवढेच. ज्याचा लाभ भाग्यावर अवलंबून असतो, त्याला हक्क म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. जामखेडच्या सेविका पगारी नोकर नव्हत्या. स्वाभिमान आणि गावातील मान हेच त्यांचे मुख्य वेतन. लेखकांना याचा रास्त अभिमान आहे. पण 2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात शासनाने गावोगावी ‘आशा’ नेमल्या, तेव्हा त्यांनाही स्वयंसेविकाच म्हटले आणि कामागणिक मोबदल्यावर राबवले. महाराष्ट्रातील आशांना 2023 साली मानधनासाठी संपावर जावे लागले. जे आरोळ्यांच्या हाती प्रेमाचे कार्य होते, ते शासनाच्या हाती काटकसरीचे साधन झाले. हा दोष लेखकांचा नव्हे. परंतु स्त्रीच्या सेवाभावाचा गौरव करताना तिच्या श्रमाच्या मोलाचा प्रश्न मागे राहिला की पुढे असेच घडते. आपल्या रुग्णालयांतून अल्प वेतनावर काम करणाऱ्या परिचारिकांच्या बाबतीत आपणही हे आठवावे.

मग हक्काची भाषा बोलावी काय? पुष्कळ सुज्ञ माणसे म्हणतात, की औषध आणि डॉक्टर यांना पैसा लागतो. पैसा मर्यादित आहे. अमर्याद मागणीला हक्क म्हणणे ही फसवणूक आहे. या युक्तिवादात तथ्य आहे. प्रत्येकाला प्रत्येक उपचार कोणतेही राष्ट्र देऊ शकत नाही. परंतु हक्काचा अर्थ ‘सर्व काही’ असा नसून ‘दारातून परत पाठवले न जाणे’ असा घेतला, तर हा आक्षेप पुष्कळसा गळून पडतो. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका शेतमजुराला खाट नाही म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला 25,000 रुपये भरपाई देवविली आणि पैशाची चणचण ही सबब जीवनाच्या हक्कापुढे टिकत नाही, असा निर्वाळा दिला. आपल्या संविधानात आरोग्याचा उल्लेख 47 व्या अनुच्छेदात, मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तो न्यायालयात बजावून घेता येत नाही. न्यायालयाने तो 21 व्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काशी जोडला. राजस्थानने 2023 साली आरोग्य हक्काचा कायदाच केला.

त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात अर्भके होती. औषधे अपुरी होती की नव्हती, यावर वाद झाले आणि उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आमच्या घाटी रुग्णालयातही मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात. जिथे चिठ्ठी चालत नाही आणि पैसा नाही, तिथे शेवटी याच दारावर थाप मारावी लागते. त्या दारामागे खाट, औषध आणि माणूस असणे, हे कुणाच्या दयेवर सोडता येईल काय?

आपल्या धर्मशिकवणीनेही हा प्रश्न टाळलेला नाही. संत पोप जॉन तेविसावे यांनी 1963 सालच्या ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रकात अन्न, वस्त्र, निवारा यांच्या ओळीतच वैद्यकीय उपचाराची गणना माणसाच्या हक्कांमध्ये केली. आम्ही प्रवचनांतून चांगल्या शोमरोन्याची कथा सांगतो आणि सारे लक्ष त्याच्या करुणेवर देतो. त्या कथेत एक उतारशाळाही आहे, हे निसटून जाते. त्याने जखमा बांधल्या, पण रात्रभराच्या शुश्रूषेनंतर त्याला पुढे जायचे होते. वाटेवर उतारशाळा नसती, तर त्याचे दोन दीनार खिशातच राहिले असते. दया ही जखमी माणसाला उचलते; त्याला ठेवायला जागा लागते, आणि ती जागा सर्वांनी मिळून बांधायची असते. आरोळे दांपत्य उत्तम शोमरोनी होते आणि त्यांनी एका तालुक्यापुरती उतारशाळाही बांधली. इतर तालुक्यांची जबाबदारी त्यांच्या ग्रंथाने आपल्यावर आणि आपण निवडून दिलेल्या शासनावर ठेवली आहे.

मी चिठ्ठ्या लिहिणे थांबवलेले नाही; दारी आलेल्याला तत्त्वज्ञान सांगून परत पाठवणे हाही एक प्रकारे खाट नाकारणेच आहे. मात्र चिठ्ठीचा मजकूर बदलला आहे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयाच्या 2006 सालच्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यावे लागते. पूर्वी मी लिहीत असे, ‘कृपया सवलत द्यावी.’ आता लिहितो, ‘योजनेनुसार दाखल करून घ्यावे.’ आणि या नियमाचा कागद कचेरीच्या दारावर बाहेरच्या बाजूने लावला आहे. जो आत येत नाही, ज्याची माझी ओळख नाही, त्यालाही तो वाचता यावा म्हणून.