सिद्धता कोणाची, नाव कोणाचे?

अ संचाचा प्रत्येक घटक ब संचात वेगळ्या जागी बसतो आणि ब संचाचाही अ मध्ये तसाच बसतो. तर दोन्ही संच समान आकाराचे. सांत संचांत हे मोजून पटते, अनंत संचांत मात्र सिद्ध करावे लागते. याला कँटर-श्रॉडर-बर्नस्टाइन प्रमेय म्हणतात. माझा आक्षेप या नावाला आहे.

कँटर यांनी १८८७ मध्ये केवळ विधान केले. त्याच वर्षी डेडेकिंड यांनी सिद्धता लिहिली, पण छापली नाही. श्रॉडर यांच्या १८९८ च्या सिद्धतेत कोर्सेल्ट यांना चूक आढळली. कँटर यांचा तरुण विद्यार्थी बर्नस्टाइन याची सिद्धता त्याच १८९८ मध्ये बोरेल यांच्या पुस्तकात आली. चुकलेल्याचे नाव टिकले, पहिल्याचे गळाले.

हा प्रश्न केवळ मानाचा नाही. ० ते १ हा रेषाखंड टोकांसह घ्या आणि दुसरा टोके वगळून. दुसरा पहिल्यात आहेच. पहिला निम्मा करून दुसऱ्याच्या मध्यभागी ठेवता येतो. आता जोड्या लावू : ० ची १/४ शी, १/४ ची ३/८ शी, असेच पुढे, १ ची ३/४ शी, ३/४ ची ५/८ शी, असेच पुढे, उरलेला प्रत्येक बिंदू जागच्या जागी. कोणी सुटत नाही, कोणी दोनदा येत नाही.

अशा रांगेमागची ‘साखळी’ ही संकल्पना डेडेकिंड यांच्याच १८८८ च्या पुस्तिकेतली आहे. ज्याच्या हत्याराने काम होते, त्याचे नाव प्रमेयाच्या मथळ्यात नसावे, हे विद्यार्थ्याला कल्पनेचा उगमच चुकीचा दाखवणे आहे.