'लव्ह ऑन द डोल' : साहाय्याची परीक्षा आणि कादंबरीची रचना

बेकारीवर लिहिल्या गेलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांचा विषय निघाला की वॉल्टर ग्रीनवुड यांच्या 'लव्ह ऑन द डोल' (१९३३) या कादंबरीचा उल्लेख होतोच. परंतु तो बहुधा सामाजिक इतिहासाचा एक दस्तऐवज म्हणून होतो. इतिहासकार तिच्यातून दोन महायुद्धांमधल्या लँकेशायरच्या दारिद्र्याचे दाखले काढतात आणि साहित्याचे अभ्यासक ती इतिहासकारांच्या स्वाधीन करून मोकळे होतात. ही वाटणी सोयीची असली तरी न्याय्य नाही. प्रस्तुत कादंबरीची रचनाच मुळी एका सरकारी नियमाभोवती झालेली आहे आणि तो नियम नीट समजल्यावाचून तिच्या कथानकाचा, विशेषतः बदनाम झालेल्या तिच्या शेवटाचा, अर्थ लागत नाही.

तो नियम असा. इंग्लंडमध्ये १९११ च्या कायद्याने काही मोजक्या धंद्यांतील कामगारांसाठी बेकारीचा विमा सुरू झाला आणि १९२० मध्ये तो बहुतेक औद्योगिक कामगारांना लागू झाला. कामगार, मालक आणि सरकार असे तिघेही त्यात वर्गणी भरीत. म्हणजे बेकार झालेल्या माणसाला मिळणारी रक्कम ही काही अंशी त्याने स्वतःच साठविलेली होती. १९३१ च्या आर्थिक संकटात नव्या संयुक्त सरकारने या रकमेत दहा टक्के कपात केली. प्रौढ पुरुषाला आठवड्याला मिळणारे १७ शिलिंग १५ शिलिंग ३ पेन्सवर आले. पण कपातीहून अधिक जिव्हारी लागली ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमलात आलेली 'मीन्स टेस्ट'. विम्याचे सव्वीस आठवडे संपले की पुढचे साहाय्य देण्यापूर्वी स्थानिक समितीने अर्जदाराच्या सर्व घराची मिळकत तपासावयाची : बहिणीची मजुरी, बापाचा भत्ता, म्हाताऱ्याचे निवृत्तिवेतन, पेटीतली शिल्लक. घरात कोणी मिळविणारे असेल तर अर्जदाराचे साहाय्य कमी करावयाचे, किंवा बंदच करावयाचे.

'डोल' या शब्दाचा इतिहास येथे उद्बोधक आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'वाटा' असा होता. पुढे तो देवळाच्या दारी वाटलेल्या दानाचा वाचक बनला आणि अखेर बेकारभत्त्याला हिणवून लावलेले नाव झाला. वाट्यापासून भिक्षेपर्यंतचा जो प्रवास या शब्दाला काही शतके लागली, तोच प्रवास ग्रीनवुड यांच्या पात्रांना सव्वीस आठवड्यांत करावा लागतो.

सॅल्फर्डमधील हँकी पार्क नावाच्या वस्तीत हार्डकॅसल कुटुंब राहते. बाप खाणकामगार, मुलगी सॅली कापडगिरणीत, मुलगा हॅरी गहाणवट घेणाऱ्या प्राइसच्या दुकानात कारकुनी करणारा. हॅरीला कारकुनीची लाज वाटते. मोठ्या यंत्रांचे आणि तेलकट कपड्यांचे त्याला आकर्षण आहे, म्हणून तो हट्टाने मार्लोच्या कारखान्यात सात वर्षांच्या उमेदवारीवर लागतो. उमेदवारी पूर्ण होऊन पुऱ्या पगाराचा हक्क उत्पन्न होताच त्याला काढून टाकले जाते आणि त्याच्या यंत्रावर शाळेतून नुकताच बाहेर पडलेला पोरगा उभा राहतो. हा भाग ग्रीनवुड यांनी फार संयमाने लिहिला आहे. कोणी दुष्ट मुकादम नाही, अन्यायाचा घणाघाती प्रसंग नाही. हिशेबाला हिशेब जुळतो एवढेच. हॅरी ज्याला कसब समजत होता ते थोड्या दिवसांत कोणत्याही मुलाला शिकविता येण्याजोगे काम होते, ही गोष्ट त्याला सात वर्षांनी उमगते.

पुढे लेबर एक्सचेंजच्या खिडकीपाशी त्याला सांगण्यात येते की, बापाला भत्ता मिळतो आणि बहीण कामावर आहे, तेव्हा त्याचे साहाय्य बंद. कादंबरीचा खरा उत्कर्षबिंदू हा आहे, मोर्चाचा प्रसंग नव्हे. या क्षणापासून घरातील प्रत्येक नात्याला किंमत चिकटते. सॅलीची मजुरी ही आता तिची राहत नाही. ती भावाच्या अपात्रतेचा पुरावा होते. तरुण मुलाने घर सोडले तर त्याला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. घरी राहिला तर तो बहिणीच्या ताटात जेवतो. कुटुंब एकत्र राखण्याची भाषा बोलणारा समाज कुटुंब मोडण्यावर बक्षीस लावतो, ही विसंगती ग्रीनवुड कोठेही बोलून दाखवीत नाहीत. ती जेवणाच्या टेबलावरील अबोल्यातून जाणवते. हेलनला दिवस गेल्यावर बाप हॅरीला घराबाहेर काढतो, त्या संतापातही अब्रूपेक्षा एका वाढत्या तोंडाचा हिशेब अधिक आहे.

सॅम ग्रंडी या पात्राविषयी टीकाकारांची तक्रार अशी की, तो नाटकी खलनायक आहे. तो शर्यतींवर पैजा घेणारा बुकी, गब्बर, लंपट. सॅलीच्या मागे लागलेला. तिचा वाग्दत्त पती लॅरी मीथ हा वाचन-मनन करणारा समाजवादी. नोकरी जाते, लग्न लांबते, आणि आधीच खंगलेला हा तरुण मीन्स टेस्टविरुद्धच्या मोर्चात पोलिसांशी झालेल्या चकमकीनंतर रुग्णालयात मरतो. मग सॅली ग्रंडीची 'घर सांभाळणारी' होण्यास तयार होते आणि त्या मोबदल्यात बापाला व भावाला बस कंपनीत नोकऱ्या मिळतात. पतित स्त्री, मृत नायक, धनाढ्य भोगी : व्हिक्टोरियन काळातील रंगभूमीची ही सामग्री आहे, असा आक्षेप आहे.

आक्षेपातील सामग्रीचे वर्णन बरोबर आहे. निष्कर्ष मात्र उतावळा आहे. ग्रंडीकडे पैसा आहे यापेक्षा त्याच्याकडे ओळख आहे, ही गोष्ट महत्त्वाची. लेबर एक्सचेंजला जी नोकरी वर्षानुवर्षे देता आली नाही ती ग्रंडीच्या एका चिठ्ठीने मिळते. म्हणजे काम अगदीच नव्हते असे नाही. ते रांगेतून मिळत नव्हते, वशिल्याने मिळत होते. सार्वजनिक साहाय्याला जेव्हा हक्काऐवजी मेहेरबानीचे रूप येते, तेव्हा खाजगी मेहेरबानीचा बाजारही तेजीत येतो. वस्तीतील मिसेस नॅटल या बाई शेजारणींची गाठोडी दलालीवर गहाणवटीच्या दुकानात नेतात, पैसे उसने देतात. त्या याच बाजारातील किरकोळ विक्रेत्या आहेत, ग्रंडी घाऊक. हॅरीलाही एकदा पैजेत २२ पौंड लागतात आणि ते ग्रंडीकडूनच येतात. कादंबरीत उदार हाताने पैसे देणारा एकच इसम आहे आणि तो बुकी आहे, हा योगायोग नव्हे. भाबडेपणाचा आरोप करावयाचाच असेल तर तो लॅरीच्या चित्रणावर करता येईल. तो बोलू लागला की लेखक बोलतो, आणि लेखक बोलू लागला की हँकी पार्क गप्प होते.

या कादंबरीच्या शेजारी केन लोच दिग्दर्शित, पॉल लॅव्हर्टी लिखित 'आय, डॅनियल ब्लेक' (२०१६) हा चित्रपट ठेवून पाहण्याजोगा आहे. कॅन महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळविलेल्या या चित्रपटाचा नायक न्यूकॅसलमधील ५९ वर्षांचा सुतार आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टर त्याला काम करू नको म्हणतात. पण सरकारी तपासणीत त्याला पुरेसे गुण मिळत नाहीत, सबब तो कामास योग्य ठरतो. ही तपासणी आरंभी काळ्या पडद्यावर केवळ आवाजांतून ऐकू येते. प्रश्न त्याच्या हातापायांबद्दल आहेत, आजार हृदयाचा आहे. मग नोकरी शोधणाऱ्याचा भत्ता मिळविण्यासाठी त्याला आठवड्याला ३५ तास नोकरी शोधावी लागते, जी मिळाली तरी तो स्वीकारू शकत नाही. एक मालक त्याच्या प्रामाणिक चेहऱ्यावर विश्वासून काम देऊ करतो आणि ब्लेकला ते नाकारावे लागते. मालक त्याला आळशी समजून झिडकारतो. चित्रपटातील हा सर्वांत थोर प्रसंग आहे, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. नियम येथे माणसाला उपाशी ठेवीत नाही; तो त्याला खोटे वागावयास लावतो आणि त्या खोट्याचा डाग त्याच्याच नावावर ठेवतो.

केटी ही दोन मुलांची आई. लंडनमधून न्यूकॅसलला धाडली गेलेली, कार्यालयात पोचण्यास उशीर झाला म्हणून भत्ता थांबविला गेलेली. तिची अखेर देहविक्रयात होते. तेव्हा ८३ वर्षांच्या अंतराने दोन्ही कृती एकाच ठिकाणी येऊन थांबतात : साहाय्याचे जाळे फाटते तेथे स्त्रीचे शरीर ठिगळ म्हणून लावले जाते, आणि बोलू शकणारा पुरुष मरतो. तरीही दोहोंत ग्रीनवुड यांची दृष्टी अधिक दूरवर जाते. केटीचे पतन करुण आहे, परंतु त्याचा कथानकावर परिणाम एवढाच की ब्लेकचे हृदय पिळवटते. सॅलीचा सौदा मात्र घराची आर्थिक घडी बदलतो. लॅव्हर्टी पीडितेचे दुःख दाखवितात. ग्रीनवुड तिच्या दुःखाचा लाभ कोणाकोणाला होतो तेही दाखवितात, आणि लाभार्थींत तिचा संतापलेला, तिच्यावर हात उगारणारा बापही असतो.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही, कारण परीक्षेची ही कल्पना त्याच्याही प्रदेशावर राबविली गेली होती. १८३४ च्या इंग्लिश गरीब कायद्याचे तत्त्व असे की, साहाय्य घेणाऱ्याची स्थिती गरिबातल्या गरीब स्वतंत्र मजुराहूनही हलकी असली पाहिजे; म्हणजे खरा गरजूच तेवढा दारी येईल. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरील मजुराचे धान्य दिवसाला सुमारे एक पौंडावर आणले, आणि लांबच्या छावण्यांवर जाण्याचे नाकारून दख्खनमधील मजुरांनी कामे सोडली, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. शंभर वर्षांनी, १९७७ मध्ये, महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यात घराची झडती नव्हती. अंगमेहनतीचे अकुशल काम करण्याची तयारी एवढीच अट होती. मीन्स टेस्टच्या तुलनेत हा मोठाच फरक होता : बहिणीच्या मजुरीने भावाचा हक्क बुडत नव्हता. मात्र परीक्षा अजिबात संपली असेही म्हणता येत नाही. ती माजघरातून निघून माणसाच्या पाठीच्या कण्यावर आली. खडी फोडण्यास जो असमर्थ त्याची गरज कोणत्या खिडकीवर मोजावयाची, हा ब्लेकचाच प्रश्न आहे. आपल्याकडे दुष्काळावर लिहिणाऱ्यांनी भूक आणि स्थलांतर पुष्कळ रंगविले. खिडकीपाशी उभा असलेला अर्जदार, त्याचा अर्ज आणि त्या अर्जाने त्याच्या घरात होणारी उलथापालथ यांकडे त्या मानाने थोडे लक्ष गेले आहे.

ग्रीनवुड यांनी ते लक्ष दिले, आणि ते स्वतः बेकारीत असताना दिले. शिक्षण तेराव्या वर्षी सुटलेल्या या लेखकाच्या पुस्तकाचे नाटक १९३४ साली मँचेस्टरला झाले व पुढे लंडनलाही गाजले. १९३६ मध्ये मात्र चित्रपटास ब्रिटिश अभ्यवेक्षक मंडळाने हरकत घेतली, आणि तो निघाला १९४१ साली, ज्या वर्षी घरभर मिळकत मोजणारी मीन्स टेस्टही रद्द झाली. जे दाखवू नये असे वाटत होते ते कायद्यातून गेल्यावरच दाखविण्याजोगे ठरले.

कादंबरीच्या अखेरीस आरंभीचेच वर्णन जवळजवळ त्याच शब्दांत परत येते : पहाटेची वेळ, रिमझिम पाऊस, खिडक्यांवर काठी टकटकवून कामगारांना उठविणारा आंधळा जो. या पुनरावृत्तीला काहींनी निराशावाद म्हटले आहे. पण हार्डकॅसलांच्या घरात फरक पडलेला आहे; तेथे आता दोन पगार येतात. समितीचा चौकशी अधिकारी त्या पहाटे दारी आला असता तर त्याला मिळकत पुरेशी आढळली असती, आणि ती कोणाच्या चिठ्ठीने आली हे विचारण्यासाठी त्याच्या कागदावर रकाना नव्हता.