भावी शिक्षकाचें चिंतन आणि वर्गांतील यंत्र

गेल्या दहाएक वर्षांत मराठी गद्याचा एक नवा प्रकार आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर निर्माण होत असून त्याकडे टीकाकारांचें लक्ष जवळजवळ गेलेलेंच नाहीं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनें २०१४ सालीं नवे नियम केले, बी. एड्. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, आणि व्यावसायिक क्षमता वाढविण्यासाठीं म्हणून जे चार विषय त्यांत सुचविले गेले त्यांपैकीं एक ‘माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचें चिकित्सक आकलन’ हा होय. या विषयाच्या आणि सराव-पाठांच्या निमित्तानें भावी शिक्षकांस आपण वर्गांत यंत्र कसें वापरलें व त्यापासून काय शिकलों यावर चिंतनात्मक टिपणें लिहावीं लागतात. हीं टिपणें छापलीं जात नाहींत. फाइलींत राहतात, तपासलीं जातात, आणि संपतात. परंतु ज्या प्रकारांत दरवर्षी इतके तरुण स्त्रीपुरुष आपला अनुभव मराठींत मांडूं पाहतात, त्याची गद्य म्हणून परीक्षा होऊं नये असें कांहीं नाहीं. शिवाय हेच लेखक उद्यां आपल्या मुलांना निबंध लिहावयास शिकविणार आहेत, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

अशीं टिपणें ओळीनें वाचणाऱ्यास प्रथम जाणवते ती व्याकरणाची एक खूण. त्यांतील बहुतेक वाक्यांचा कर्ता यंत्र असतें. चित्रफितीनें विषय सोपा केला, स्लाइडांनीं लक्ष वेधून घेतलें, मोबाइलवरील प्रश्नमंजूषेनें उत्साह निर्माण केला, अशा धर्तीचीं वाक्यें पानोपानीं भेटतात. मूल जेथें येतें तेथें षष्ठींत येतें: विद्यार्थ्यांचें लक्ष, विद्यार्थ्यांचा सहभाग, विद्यार्थ्यांची आवड. एखाद्या मुलीनें अमुक विचारलें, एखादा मुलगा अमुक ठिकाणीं अडला, असें ज्यांत मूल स्वतः कांहीं करतें तें वाक्य क्वचित् सांपडतें. कर्त्याचें स्थान कोणास द्यावयाचें ही केवळ शैलीची बाब नव्हे. ज्याला आपण कर्ता करतों त्याच्याकडे आपली नजर लागलेली असते, आणि या टिपणांवरून पाहतां लिहिणाऱ्याची नजर पाठभर पडद्याकडे होती असाच निष्कर्ष काढावा लागतो. नवशिक्या सायकलस्वाराची नजर पुढच्या चाकावर असते, तसें हें आहे. त्यांत अस्वाभाविक कांहीं नाहीं. पण ज्या लेखनाचें नांव चिंतन, त्यानें तरी रस्त्याकडे पाहावें कीं नाहीं?

दुसरी खूण कथानकाची. आरंभीं भीति, मध्यें थोडी अडचण, शेवटीं आत्मविश्वास, हा क्रम ठरलेला. वीज गेली होती हें कधीं कधीं येतें, कारण तो दोष महावितरणाच्या माथीं मारतां येतो. परंतु यंत्र उत्तम चाललें आणि तरीहि पाठ फसला, असें कोणी लिहीत नाहीं. श्रावणांतल्या कहाणीप्रमाणें प्रत्येक टिपण सुफळ संपूर्ण होतें. आतां या प्रकाराचा मूळपुरुष शोधूं गेल्यास आपण जॉन ड्यूईपर्यंत जाऊन पोंचतों. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘हाउ वुई थिंक’ या ग्रंथांत त्यानें चिंतनाचा उगम संभ्रमांत दाखविला आहे: वाट फुटते, कोणती धरावी तें कळत नाहीं, तेथें माणूस थांबतो, आणि त्या थांबण्यांतून विचार सुरू होतो. या कसोटीस लावलें तर ज्या टिपणांत कोठेंहि संभ्रम नाहीं त्यास चिंतन म्हणतां येणार नाहीं. तो अहवाल होय, आणि तोहि अनुकूल अहवाल.

याचा दोष विद्यार्थ्यांवर टाकणें अन्यायाचें होईल. टिपणाला गुण असतात, आणि गुण देणारा तोच असतो ज्यानें यंत्र वापरावयास सांगितलें. अशा स्थितींत यंत्राविरुद्ध साक्ष देणारा विरळा. आत्मपरीक्षणाला गुण ठेवले कीं त्याचें आत्मनिवेदन होतें आणि आत्मनिवेदनाची लवकरच आत्मस्तुति होते, हें कोणत्याहि अनुभवी परीक्षकास ठाऊक असलें पाहिजे. विषयाच्या नांवांत ‘चिकित्सक’ हा शब्द आहे. तो तेथें कोणी जाणून घातला असेल तर त्याला अनुसरून चिकित्सा करणाऱ्याचें नुकसान होऊं नये एवढी व्यवस्था तरी त्यानें करावयास हवी होती.

नवें साधन वर्गांत आलें म्हणजे काय घडतें याची एक जुनी हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. ती याच देशांतली असल्यामुळें अधिकच. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नांवाचा स्कॉटिश पाद्री मद्रासेंतील मुलांच्या अनाथाश्रमाचा प्रमुख होता. एका देशी शाळेंत मुलें बोटानें वाळूंत अक्षरें काढीत आहेत हें त्यानें पाहिलें आणि ती रीत त्याच्या मनांत भरली. आपल्या पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर हेंच चालत असे, आणि ‘धुळाक्षरें गिरविणें’ हा प्रयोग आपण अजून करतों तो त्याचीच आठवण ठेवून. बेलनें वाळू आपल्या आश्रमांत आणली. पण तेथील शिक्षकांनीं ती मनापासून उचलली नाहीं. तेव्हां त्यानें खालच्या वर्गाचें काम एका लहान विद्यार्थ्याकडेच सोपविलें, आणि तें इतकें उत्तम झालें कीं मुलांनींच मुलांना शिकविण्याची एक पद्धतिच त्यांतून उभी राहिली. १७९७ सालीं लंडनमध्यें त्यानें तिची हकीकत छापली आणि पुढें ती पद्धति इंग्लंडभर पसरली. आतां पाहा: बेल आणावयास गेला वाळू, आणि हातीं लागला विद्यार्थी-शिक्षक. त्यानें केवळ वाळूच्या उपयुक्ततेवर टिपण लिहिलें असतें तर त्याचें नांव आज कोणास आठवलें नसतें. साधनानें वर्गांतील माणसांचे परस्पर संबंध कसे बदलले, हें त्याच्या लक्षांत आलें. (त्या पद्धतीचीं फळें सर्वच गोड नव्हतीं, स्वस्तांत शेंकडों मुलें हांकण्याची ती एक युक्ति झाली, हा भाग वेगळा.)

यंत्रांविषयींच्या आशांचा इतिहास ज्यास एकत्र वाचावयाचा असेल त्यानें लॅरी क्यूबन या अमेरिकन अभ्यासकाचें ‘टीचर्स अँड मशीन्स’ हें १९८६ चें पुस्तक पाहावें. चित्रपट, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि संगणक अशा चार साधनांचें शाळेंत काय झालें तें त्यानें सांगितलें आहे. शाळेंतून पुस्तकें लवकरच हद्दपार होतील असें भविष्य एडिसननें १९१३ सालींच वर्तविलें होतें. त्यानंतर प्रत्येक वेळीं तेंच चक्र फिरलें: आधीं हर्ष, मग शास्त्रीय प्रयोगांचा आधार, मग निराशा, आणि शेवटीं शिक्षकांना दूषणें. क्यूबनचा विशेष असा कीं तो शिक्षकांना दूषणें देत नाहीं. चाळीस मुलांपुढें उभ्या असलेल्या माणसास हाताशीं असलेलें, लागेल तेव्हां उचलतां येणारें व नको तेव्हां ठेवून देतां येणारें साधन लागतें, आणि खडू व फळा हे तसे आहेत, म्हणून ते टिकले, असें त्याचें म्हणणें आहे. भावी शिक्षकांना हें पुस्तक वाचावयास दिलें तर त्यांच्या टिपणांतील कांहीं विशेषणें आपोआप गळून पडतील.

मात्र क्यूबनच्या आधारें यंत्र टाकूनच द्यावें असें म्हणणारे जे कोणी आहेत त्यांच्याशींहि सहमत होतां येत नाहीं. खरा प्रश्न अधिक बारीक आहे, आणि तो एका उदाहरणानें स्पष्ट करणें बरें. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हा पाठ घेऊं. फळ्यावर शिक्षक त्रिकोण काढतो तेव्हां ती आकृति मुलांच्या डोळ्यांपुढें एकेक रेघेनें जन्मास येते. हाताला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मुलांच्या मनाला मिळतो. स्लाइडवर तीच आकृति तयार होऊनच येते. पुष्कळांना हा वेळेचा फायदा वाटतो, आणि टिपणांत ‘वेळेची बचत’ हा गुण हमखास नोंदलेला असतो. पण वांचविला तो वेळ मुलाचा होता, हें कोणी नोंदीत नाहीं. आतां जिओजेब्रा घ्या. साल्झबुर्ग विद्यापीठांत मार्कुस होहेनवार्टर यानें २००१ सालीं ज्याचा आरंभ केला तो हा भूमितीचा संगणक-कार्यक्रम विनामूल्य मिळतो. यांत मूल त्रिकोणाचा शिरोबिंदु स्वतः धरून ओढतें, त्रिकोण बदलतो, कोनांचे आंकडे बदलतात, आणि बेरीज मात्र तीच राहते. येथें यंत्र मुलाच्या हातांत गेलें, म्हणून तें स्लाइडाहून सर्वस्वीं निराळें.

पण इतक्यावर थांबूं नये. कार्यक्रम कोनांचे आंकडे दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवितो असें समजा, आणि एखाद्या मुलीच्या पडद्यावर ५०.३३, ६०.३३ व ६९.३३ असे तीन कोन आले. ती वहींत बेरीज करते, १७९.९९ येते. ती हात वर करते. हाच ड्यूईनें सांगितलेला वाटेचा फांटा! वस्तुतः कोन ५०.३३४, ६०.३३४ व ६९.३३२ असूं शकतात, त्यांची बेरीज बरोबर १८० आहे, आणि यंत्रानें प्रत्येक आंकडा छाटून दाखविल्यामुळें एक शतांश गळला आहे. सावध शिक्षकास या एका शतांशांत दोन पाठ मिळतात. एक असा कीं यंत्र दाखवितें तें सत्याचें पूर्णांकन असतें. दुसरा असा कीं मोजणें म्हणजे सिद्ध करणें नव्हे; लांकडी कोनमापकानें १७८ येवो, यंत्रानें १७९.९९ येवो, कीं कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका सरळ रेषेंत जुळोत, समांतर रेषेच्या सिद्धतेची गरज राहतेच. परंतु आमच्या भावी शिक्षकाला पाठाचे मिनिट मोजून दिलेले असतात, मागच्या बाकावर निरीक्षक बसलेला असतो, आणि म्हणून तो बहुधा त्या मुलीला एवढेंच सांगतो कीं तें १८० च धर. टिपणांत ती मुलगी येत नाहीं. येतें तें एवढेंच कीं जिओजेब्रामुळें संकल्पना स्पष्ट झाली.

यंत्र जेथें खरोखर मुलाचें अंग होतें अशीं स्थळें आहेत, आणि त्यांचा उल्लेख न करणें अप्रामाणिकपणाचें ठरेल. दृष्टिहीन मुलास पडद्यावरील मराठी मजकूर वाचून दाखविणारा एन्. व्ही. डी. ए. सारखा विनामूल्य कार्यक्रम ज्यानें चालतांना पाहिला त्याला ‘पडदा कीं फळा’ हा वाद पोरकट वाटेल. तेथें यंत्र नाहीं म्हणजे पुस्तकच नाहीं.

चिंतन-टिपण कसें असावें याचा नमुना परदेशांत शोधावयास नको. गिजुभाई बधेका यांचें गेल्या शतकाच्या चौथ्या दशकांतील ‘दिवास्वप्न’ हें गुजराती पुस्तक एका कल्पित शिक्षकाच्या तोंडून सांगितलेलें आहे. हा शिक्षक मोठ्या उमेदीनें वर्गांत जातो, शांतीचा खेळ घेतो, आणि पहिल्याच दिवशीं तो खेळ सपशेल फसतो. मुलें गोंगाट करतात. लेखकानें हें लपविलें नाहीं, उलट येथूनच पुस्तकाला गति दिली आहे. या पुस्तकांतील मुलें कर्तरि प्रयोगांत वावरतात: बोलतात, हंसतात, भांडतात, गोष्ट मागतात. याच गिजुभाईंच्या सहवासांत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक पुढें बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांत आल्या, तेव्हां मॉन्टेसरीच्या महाग साधनांचें त्यांनीं काय केलें? शंख-शिंपले, बिया, काटक्या, जें आजूबाजूस मिळेल त्यांतून साधनें उभीं केलीं. साधन बदललें, त्यामागचें तत्त्व राखलें. मॉन्टेसरीच्या साधनांची याहून मोठी चिकित्सा काय असूं शकेल, आणि तीहि एका शब्दानें निंदा न करतां! ‘चिकित्सक आकलन’ हा विषय शिकविणाऱ्यांनीं विद्यार्थ्यांस यंत्रांची यादी पाठ करावयास लावण्याऐवजीं हा एक इतिहास सांगितला तरी चालेल.

राहतां राहिला प्रश्न टिपणांच्या वाचकाचा. ज्या लेखनाला परीक्षकाखेरीज वाचक नाहीं त्याचें गद्य परीक्षकासाठींच घडणार. तेव्हां सूचना अशी कीं, या टिपणांतील एक पान गुणांवांचून असावें, आणि तें पुढल्या वर्षीं त्याच शाळेंत सराव-पाठासाठीं जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीं द्यावें. त्याला आत्मविश्वास वाढल्याची वार्ता नको असते. सातवीच्या वर्गांत पडद्यावर खिडकीचें ऊन येतें, म्हणून तो पाठ दहाच्या आधीं घ्यावा. फोन जोडावयाची तार शाळेंत नाहीं, स्वतः न्यावी. आणि तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते, ती बेरीज करून पाहते.