टिळकचरित्रांतील एक वर्ष

न. चिं. केळकरांच्या टिळकचरित्राचा पहिला खंड १९२३ सालीं निघाला. त्यांतील राजकारणापेक्षां डेक्कन कॉलेजांतील १८७३ चें पहिलें वर्षच आम्हांस अधिक विचारार्ह वाटतें. कृश प्रकृतीच्या बळवंतरावांनीं तें तालमींत, कुस्तींत व पोहण्यांत घालविलें. अभ्यासाकडे जवळजवळ पाठच फिरविली. टिळकभक्त यास पुढील लोकसेवेची पूर्वतयारी म्हणतात. पण सोळा वर्षांच्या मुलास मंडालेचा तुरुंग कोठून दिसणार? त्यास सलत असावें तें स्वतःचें हडकुळें अंगच! भंडाऱ्याच्या खेड्यापाड्यांतून कॉलेजांत येणारा सडपातळ मुलगा आजहि हेंच शल्य बाळगून असतो. त्याच्यापुढें नेहमीं त्या वर्षाचें फळ ठेवलें जातें. तें शल्य मात्र कोणी उघडून दाखवीत नाहीं.